या उन्हाळ्यात मासे मीच कापले

३ जून

ही वही दवाखान्यातल्या बाईंनी दिली. रोज रक्तदाब मोजून हिच्यात लिहायचा म्हणाल्या. दाब मोजायचं यंत्र गावात राहिलं आणि मी होडी घेऊन मासळीच्या तळावर आलो. वही कोरी परत नेली तर त्या बोलतील, म्हणून इथे जे मोजता येईल ते लिहितो.

कुस्कोक्विम नदीला पाणी चढलंय. गढूळ आहे, ओंडके वाहून चाललेत. तंबू उभा केला. वाळवणाच्या दांड्या तपासल्या. धुरीघराचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटला होता, तो ठोकला. चहाचे दोन पेले काढले आणि एक परत ठेवला. नास्ताशिया, माझी बायको, गेल्यावरचा हा पहिलाच उन्हाळा.

माझी मुलगी एलेना अँकरेजला राहते. तिच्याशी काय ठरलंय ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. ती म्हणाली, "बाबा, आई होती तोवर ठीक होतं. आता हिवाळाभर गावात एकटे काय खाणार? माझ्याकडे या."

मी म्हणालो, मासे खाणार. आजवर काय खाल्लं?

"कापणार कोण?"

"मी."

यावर तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, मला ऐकू आलं नाही असं समजून. शेवटी ठरलं ते असं. ऑगस्टमध्ये ती येईल. पाच बादल्या वाळलेले मासे आणि तीन डझन बरण्या तयार असतील तर मी गावात राहायचं. नसतील तर बॅग भरायची.

मी चौसष्ट वर्षांचा आहे. सॅल्मन पकडण्यात माझा हात धरणारा नदीच्या या वळणावर कोणी नाही. कापणं हे बायकांचं काम खरं, पण सुरी ती सुरीच. हे मी मोठ्यानं बोललो नाही, कारण बढाई मासे ऐकतात. त्यांना वाचता येतं की नाही, मला माहीत नाही.

९ जून

आज जाळं टाकायचा दिवस होता. हल्ली सरकार दिवस आणि तास ठरवून देतं. होडी प्रवाहात सोडली, तिसऱ्या फेरीला जाळ्याचे तरंगते गुटके बुडाले. एकच मासा, पण राजा, म्हणजे सॅल्मनमधला सगळ्यात मोठा. माझ्या मांडीएवढा.

पहिला मासा घरात ठेवायचा नसतो. तो दिला की पुढचे येतात. सगळ्यात जवळचा तळ खाडीपलीकडे मात्रोनाचा, म्हणून तिकडे नेला. नाइलाज होता.

मात्रोना ही नास्ताशियाची आतेबहीण. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकटीच तळ चालवते, भाचे येऊन जाळं टाकून देतात. आमच्यात आते-मामे भावंडांना एकमेकांची थट्टा करायचा हक्क असतो. तो हक्क हिनं परस्पर माझ्यावरही लावून घेतला, त्याला चाळीस वर्षं झाली.

मासा बघून म्हणाली, "कापून आणला असतास तर देणं झालं असतं. हे तर काम आणून दिलंस."

१२ जून

आज नऊ मासे मिळाले. पाच राजे, चार लाल सॅल्मन. कापायला बसलो.

कसं करायचं ते मला माहीत आहे, आयुष्यभर बघितलंय. डोकं काढायचं, पोट उघडायचं, मग काट्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी शेपटीपर्यंत न्यायची. शेपटी तोडायची नाही, म्हणजे दोन्ही फाका तिला जोडलेल्या राहतात आणि मासा दांडीवर धुतलेल्या कपड्यासारखा टाकता येतो. मग मांसाला आडव्या चिरा द्यायच्या, वारा आत शिरावा म्हणून.

पहिल्या माशाची शेपटी तुटली. दुसऱ्याचीही. तिसऱ्याचं मांस काट्यावरच इतकं राहिलं, की काटा वाळत घालावा आणि मासा फेकावा, असं वाटलं. नास्ताशिया एका माशाला दोन मिनिटं लावायची, आणि त्यातलं एक मिनिट ती माझ्याशी भांडत असायची. मला नऊ माशांना अख्खी सकाळ आणि दुपार लागली. सगळे दांडीवर टाकून लांबून बघितलं. वाईट नव्हतं.

तेवढ्यात रेडिओ बोलला. नदीवरच्या प्रत्येक तळावर रेडिओ असतो आणि एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं.

"गोल्गा, अरे ऐकतोयस का? तुझ्या दांडीवर अस्वल येऊन गेलं वाटतं. मासे चावलेले दिसताहेत."

मी म्हणालो, अस्वल नाही, मीच कापलेत.

"मग अस्वलाची माफी मागते," मात्रोना म्हणाली. खालच्या वळणावरून कोणीतरी हसलं, वरच्या वळणावरूनही.

तिच्याकडे दुर्बीण आहे. अस्वलांवर लक्ष ठेवायला घेतलीय म्हणते.

१६ जून

मात्रोना जाळं विणायची सुई मागायला आली. तिच्याकडे तीन आहेत, मी स्वतः बघितल्यात. एका सुईसाठी कोणी खाडी ओलांडून पेट्रोल जाळतं का? या बाईला हिशेब कळत नाही.

मी कापत होतो. ती उभी राहून बघत होती. मी थट्टेची वाट पाहिली, पण ती आली नाही. मग म्हणाली, "ती नास्ताशियाची सुरी ना?"

"हो."

"तिचा हात लहान होता. मूठ तिच्या बोटांनी झिजलीय. तुझ्या हातात ती बसायची नाही, कितीही दाबलीस तरी."

नास्ताशियाची सुरी अर्धचंद्री पात्याची, मुठीत धरून वरून दाबायची. आमच्या सगळ्या बायकांकडे असते तशीच. मी बोटं उघडून बघितली. तळहाताला दोन फोड आले होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आपली आपण बनव," ती म्हणाली, आणि सुई न घेताच गेली.

१८ जून

जुन्या करवतीचं पातं कापलं, घासलं. मूज हरणाच्या शिंगाची मूठ केली, माझ्या पंजाच्या मापाची. नास्ताशियाची सुरी धुऊन, तेल लावून, तिच्याच डोक्याच्या रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली. एलेनाला देईन. मग बराच वेळ काही काम केलं नाही.

नवी सुरी चालते. आज एकाही माशाची शेपटी तुटली नाही.

२१ जून

राजांच्या लांब पट्ट्या कापून मिठाच्या पाण्यात घातल्या. किती मीठ, हे नास्ताशियानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. रेडिओवर विचारावं लागलं. म्हणजे सगळ्या नदीला विचारल्यासारखंच.

नदीनं सात उत्तरं दिली. सगळ्यात शेवटी मात्रोना: "पाण्यात बटाटा सोड. तरंगला की पुरे. नास्ताशिया त्यावर आणखी एक मूठ टाकायची."

"का?"

"मी टाकत नव्हते म्हणून."

मी एक मूठ जास्त टाकली. पट्ट्या वाऱ्यावर लटकवल्या. संध्याकाळी एक तुकडा तोडून चाखला. अजून ओला होता, पण चव ओळखीची होती. तोंडात धरून बसलो.

२७ जून

आज जे झालं ते लिहायला नको, पण वहीत खोटं लिहिलं तर दवाखान्यातल्या बाईंना कळेल असं वाटतं.

मासे चार दिवस वाऱ्यावर होते. वरून चकाकी धरली होती, तेव्हा धुरीघरात हलवले. पॉप्लरची लाकडं लावली, ओलसर. धूर छान झाला. मला वाटलं, जरा जास्त केला तर लवकर होईल. दार लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा खालच्या दांडीवरचे बारा मासे जमिनीवर होते. भाजून, मऊ पडून, कातडीतून सुटून राखेत. धुरीघर म्हणजे चूल नाही, हे दहा वर्षांचं पोरही सांगेल.

"गोल्गा, घर पेटलं का?" रेडिओवर मात्रोना. "का जेवायला बोलावतोयस?"

मी म्हणालो, बोलावतोय.

हे का म्हणालो कोणास ठाऊक. चिडून म्हणालो बहुतेक. ती खरंच आली. राख झटकून आम्ही भाजलेला राजा खाल्ला, बटाट्याबरोबर. तिनं चार वेळा घेतला. मग बोलली, "बाहेरून लाकूड दाराच्या तोंडाशी लाव, मध्ये नको. तुझ्या हाताला धग लागली तर माशाला जास्त लागते." जाताना उरलेले अकरा तिच्या भाच्यांच्या कुत्र्यांना घेऊन गेली. नंतर कळलं की भाच्यांनी ते स्वतःच खाल्ले.

४ जुलै

चांगले दिवस चाललेत. वारा उत्तरेचा, कोरडा. लाल आणि चम, दोन्ही जातीचे सॅल्मन भरपूर. मी एका माशाला पाच मिनिटांवर आलोय. दोन बादल्या भरल्या.

सकाळी उठल्यावर आधी माझा धूर बघतो, मग खाडीपलीकडचा. ते वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. मात्रोनाचा धूर सरळ वर जातो, बारीक, निळसर. असा धूर मला अजून जमत नाही.

परवा ती किसणी परत करायला आली. माझी किसणी तिच्याकडे कधी गेली होती, आठवत नाही. ही किसणी माझी नसावीच. दांडीवरचे मासे तिनं एकेक बघितले, चिरा बोटानं उघडून. मग "हं" म्हणाली. नुसतं "हं". एवढी कापणी केली तर माणूस काहीतरी बोलतो.

१० जुलै

चार दिवस पाऊस. दक्षिणेचा वारा, ओला. धूर जमिनीवर लोळतो आणि माशांना लागतच नाही. चिरांमध्ये माश्या अंडी घालतात, ती काडीनं काढत बसतो. दर दोन तासांनी लाकूड घालावं लागतं. धूर थांबला की बुरशी धरते. धुरीघरात आत्ता माझा अर्धा हिवाळा टांगलेला आहे.

१२ जुलै

आज सकाळी पलीकडे धूर नव्हता.

मी म्हटलं, पाऊस आहे, उशीर झाला असेल. तासाभरानं पुन्हा बघितलं. नव्हता. रेडिओवर हाक मारली. उत्तर नाही. खालच्या वळणावरचा पावेल म्हणाला, "झोपली असेल." मात्रोना आणि झोप. पावेलला काही कळत नाही.

धुरीघरात तीन ओंडके सारले आणि होडी घेतली.

ती कापायच्या फळीपाशी चिखलात बसली होती. पाठीत उसण भरली होती. मासे उचलताना पाय घसरला होता. दोनेक तास तशीच बसलेली, अंगावर ताडपत्री ओढून. शेजारी मोठ्या टबात चाळीसएक चम, न कापलेले. भाचे गावात गेलेले.

मला बघून म्हणाली, "उशीर केलास. मासे मऊ पडायला लागले."

"तू कशी आहेस?"

"मी मऊ पडत नाही. मासे आधी."

तिला आत नेलं, कोरडं केलं, स्टोव्ह पेटवला. मग दार उघडं ठेवून कापायला बसलो, म्हणजे तिला आतून दिसावं. ती ओरडून सांगत होती: सुरी आडवी, अजून आडवी, काट्याला चिकटून. संध्याकाळपर्यंत चाळीस झाले. तिचा धूर लावला. मग तिला एकटीला सोडून जायचं कसं, म्हणून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचे आले तोवर तिथेच होतो. हे तेरा तारखेला परत आल्यावर लिहितोय.

माझ्या धुरीघरातला विस्तव केव्हाचा विझला होता.

१४ जुलै

धुरीघराच्या मधल्या दोन दांड्या गेल्या. पांढरी बुरशी, आत आंबूस वास. एकसष्ट मासे. होडीत भरले, प्रवाहाच्या मध्यावर नेले आणि पाण्याला परत दिले. ते माझ्याकडे आले होते आणि मी त्यांची नीट काळजी घेतली नाही, असं त्यांना सांगितलं. कारणही सांगितलं. त्यांना पटलं असावं. एकही मासा उलटा वर आला नाही.

आता पाच बादल्या होणार नाहीत. मी सगळा हिशेब केला, दोनदा.

२२ जुलै

बरण्यांचा दिवस. अर्धवट धुरावलेले तुकडे बरण्यांत भरायचे, झाकणं लावायची, मोठ्या कुकरमध्ये दीड तास. मात्रोना काठी टेकत आली. स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. कुकर शिजत असताना काही काम नसतं, तेव्हा बोललो.

ती नास्ताशियाबद्दल बोलली. लहानपणी दोघींनी मिळून एक मासा कापला आणि मोठी फाक कोणी कापली यावरून तीन दिवस बोलल्या नाहीत. मी हे कधी ऐकलं नव्हतं. मग ती म्हणाली, "ती असती तर तुझी कापणी बघून हसली असती. आणि मग एकटी असताना पुन्हा बघितली असती."

मी तिला एलेनाशी ठरलेलं सांगितलं. मासे कमी पडणार, म्हणजे अँकरेजला जावं लागेल.

तिनं पेला खाली ठेवला. चहा अर्धा टाकून उठली. पाठ दुखत असेल. मी म्हटलं सोडायला येतो, तर म्हणाली, "होडी मला येते चालवता."

बरण्या एकतीस झाल्या. एकीचं झाकण बसलं नाही, ती मीच खाल्ली.

२६ जुलै

मात्रोनाचा रेडिओ बिघडलाय. मी तीन वेळा हाक मारली, उत्तर नाही. पण पावेलशी ती जाळ्याबद्दल बोलली, तेव्हा व्यवस्थित ऐकू आलं. म्हणजे फक्त माझ्यापुरता बिघडलाय. असं होतं का? हवेमुळे होत असेल.

सुई, किसणी, काही मागायला आली नाही. कामं भराभर होतात. शांत आहे. फारच शांत आहे.

४ ऑगस्ट

एलेना आली. आधी आईच्या कबरीवरच्या क्रॉसपाशी गेली, मग इकडे. मी सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं: चार बादल्या, त्यातली चौथी पाऊण. बरण्या तीस. काही लपवलं नाही.

ती एकेक मासा उचलून बघत राहिली. आमच्यात प्रत्येक बाईची कापणी वेगळी असते. आईची कुठली आणि मावशीची कुठली, हे पोरींना न सांगता कळतं.

"बाबा, हे जूनमधले ना?"

"हो. ते बघू नकोस."

"आणि हे जुलैमधले." तिनं दोन्ही शेजारी धरले. "या चिरा मात्रोनामावशीच्या आहेत."

"मीच कापलेत. तिनं हातही लावला नाही."

"ते दिसतंय," एलेना म्हणाली. तोंडावर हात ठेवला होता तिनं.

मग मी पावसाचं सांगितलं. उगाच सबब नको, म्हणून जसं झालं तसं.

"म्हणजे मावशीचे मासे कापताना आपले सडले."

"एकसष्ट."

"दीड दिवस तिथेच होतात."

"तिला उठता येत नव्हतं."

"आणि आता मावशी कुठे आहे?"

"तिचा रेडिओ बिघडलाय," मी म्हणालो.

एलेना वाळवणाच्या दांडीला धरून हसली. डोळे पुसेपर्यंत हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी म्हणालो, "मी हरलो, बॅग भरतो. फक्त शेवटचे रुपेरी सॅल्मन येऊन जाऊ देत."

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मला माशांची काळजी कधीच नव्हती. दुकानातले डबे खाऊन कोणी मरत नाही. अंधार पडला की त्या घरात तुमच्याशी बोलायला कोणी नसेल, त्या काळजीनं मला झोप लागत नव्हती."

मग आधी तसं का नाही सांगितलंस, म्हटलं.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

६ ऑगस्ट

रुपेरी मासे आले. एलेनानं आईच्या सुरीनं चौदा कापले. मूठ तिच्या हातात बसते. मी माझ्या सुरीनं अठरा. बोललो नाही फारसं, पण कंटाळाही आला नाही.

तिच्या बोलण्यावर विचार करतोय. मुद्दा बरोबर आहे. एका माणसाला हिवाळाभर एक घर तापवावं लागतं. खाडीपलीकडच्या माणसालाही गावात एक घर तापवावं लागतं, ते माझ्या घरापासून चार दारांवर. दोन चुली, दुप्पट लाकूड. तिची पाठ अशी, लाकूड फोडणार कोण? साधा हिशेब आहे. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

८ ऑगस्ट

सकाळी रेडिओ घेतला. म्हणालो, "मात्रोना, गोल्गा बोलतोय. बिघडला असला तरी ऐक. तुझी पाठ बरी नाही. माझं घर मोठं आहे, चूल चांगली आहे. हिवाळ्यात दोघांत एकच चूल पेटवली तर लाकूड निम्मं लागेल. मासेही एकत्र ठेवता येतील. विचार कर."

काहीच आवाज नाही. नुसती खरखर. नदीवर इतकी शांतता मी जूनपासून ऐकली नव्हती. एरवी या वेळेला दहा जण बडबडत असतात.

मग पावेल म्हणाला, "मात्रोना, उत्तर दे ग. आमचा चहा निवतोय."

वरच्या वळणावरून कोणा बाईनं त्याला गप्प बस म्हटलं.

शेवटी मात्रोना बोलली. म्हणजे रेडिओ चालू आहे. आवाज नेहमीसारखा नव्हता, जरा बारीक होता. "गोल्गा, लाकडाचं बोलायचं असेल तर भाचे आहेत माझे. ते फोडतील. दुसरं काही बोलायचं असेल तर ते साऱ्या नदीला ऐकवू नकोस. समोर येऊन बोल."

मी रेडिओ खाली ठेवला. दुसरं काय बोलायचं असणार, असं एलेनाला विचारणार होतो. पण ती आधीच माझा निळा शर्ट घेऊन उभी होती, धुतलेला, घडी केलेला.

शर्ट घातला. केस ओले करून बसवले. एक बरणी बरोबर घेतलीय, चांगल्या झाकणाची. बसून हे लिहितोय, कारण परत यायला किती वेळ लागेल माहीत नाही. दाब मोजायचं यंत्र असतं तर आज मोजला असता.

एलेना म्हणाली, धूर मी बघते, तुम्ही निघा. पलीकडे काठावर कोणीतरी येऊन उभं आहे. हातात दुर्बीण नाही.